जॉन म्यूर : डोंगरात गेलेला मेकॅनिक

ट्रिप ठरवणं आणि ट्रिप निघणं यात किती अंतर असतं ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री कॉटवर बसून ठरलेला गोव्याचा प्लॅन मेसचं बिल आलं की हवेत विरतो, हा आपला दर सेमिस्टरचा अनुभव! अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची उन्हाळ्याची ट्रिप मात्र अशी हवेवर चालत नाही. तिथे जूनमध्ये जंगलात मुक्काम करायचा तर जानेवारीत जागा धरावी लागते. अशाच एका ट्रिपची आखणी करता करता मला एक माणूस भेटला. त्याला जाऊन ११० वर्षं होऊन गेली. त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

आधी ट्रिपबद्दल थोडंसं. माझा थोरला चुलतभाऊ कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू या गावी असतो. आम्ही मूळचे पाथर्डी तालुक्यातले. दादा, वहिनी आणि दोन पोरं अशा चौघांनी जूनमध्ये योसेमिटी नॅशनल पार्कला जायचं ठरवलं, तेही आर. व्ही. घेऊन. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. ट्रकच्या चासीवर बांधलेल्या खोलीत झोपायला बर्थ, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं काही. आपल्याकडेही राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण गावाकडच्या माणसाला याची हौस कशी वाटावी? दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत संसार घालून ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. घर गाडीवर घालून निघणं आमच्याकडे पोटासाठी असतं.

असो. माहिती काढायचं काम दादाने माझ्यावर सोपवलं. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला, हिवाळी सुट्टीला पाथर्डीत घरी आलेलो, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नव्हती. बसलो वही घेऊन. योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्स नावाच्या कॅम्पग्राउंडची जागा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता खुली होते. म्हणजे १५ जूननंतरच्या महिन्यासाठी १५ जानेवारी, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. काही मिनिटांत सगळं भरतं. पार्कच्या आत आर. व्ही.ला नळ, वीज, ड्रेनेज यांची जोडणी मिळत नाही. जे पाणी टाकीत असेल तेवढ्यावर भागवायचं. दादाने पाहिलेल्या गाडीची टाकी साधारण दीडशे लिटरची. चौघांनी त्यात दोन दिवस काढायचे. दादाला याची धास्ती, वहिनीला अजिबात नाही! तिचं बालपण टँकरच्या गावात गेलं. दीडशे लिटरमध्ये काय काय होतं ते तिला कुणी शिकवायला नको.

मग बाकीच्या नोंदी. सांडपाणी ठरलेल्या डंप स्टेशनवरच सोडायचं. जनरेटर ठरलेल्या वेळेतच चालवायचा. अस्वलं अन्नाच्या वासावर येतात, म्हणून खाण्याचा एकही डबा उघड्यावर ठेवायचा नाही. उंचावरच्या ट्वालमी मेडोजला जाणारा टायोगा रोड बर्फामुळे मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो. अप्पर पाइन्समध्ये ३५ फुटांपर्यंतची आर. व्ही. चालते. हेच हेचीच्या रस्त्यावर मात्र २५ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही.

हेच हेची! नाव वाचून हसू आलं. हे काय प्रकरण आहे म्हणून शोधायला गेलो, तर तिथे एक धरण निघालं. नॅशनल पार्कच्या आत धरण? सिव्हिलवाल्याचे कान टवकारले. आणि त्या धरणाच्या गोष्टीत, तसंच योसेमिटीच्या प्रत्येक नकाशात आणि पाटीवर, एकच नाव सारखं येऊ लागलं : जॉन म्यूर. त्याच्या नावाची पायवाट आहे, जंगल आहे, हिमनदी आहे. अमेरिकेत त्याला नॅशनल पार्कांचा जनक म्हणतात. मला वाटलं, असेल कोणी लांब दाढीचा निसर्गप्रेमी साधू. दाढी होती खरी. पण गडी मुळात आपल्याच जातकुळीचा निघाला, म्हणजे वर्कशॉपमधला!

जॉन म्यूरचा जन्म स्कॉटलंडमधल्या डनबार या समुद्रकाठच्या गावी २१ एप्रिल १८३८ ला झाला. आठ भावंडांत तो तिसरा आणि मुलांमध्ये थोरला. बाप डॅनियल म्यूर अतिशय धर्मकठोर. बायबल पाठ करून घ्यायचं, चुकलं की मार. १८४९ मध्ये बापाने घर अमेरिकेला हलवलं आणि विस्कॉन्सिनच्या रानात जमीन तोडून शेती सुरू केली. अकरा-बारा वर्षांचा जॉन नांगर धरू लागला. शाळा सुटली ती सुटलीच.

त्या शेतीतला एक प्रसंग आमच्या भागातला माणूस वाचेल तर थांबूनच जाईल. दुसऱ्या शेतावर पाणी नव्हतं म्हणून विहीर पाडायला घेतली. वरचे काही फूट सोडले तर खाली नुसता वालुकाश्म. सुरुंग लावून पाहिले, जमलं नाही. मग बापाने जॉनला छिन्नी-हातोडा देऊन खाली सोडलं. रोज सकाळी बादलीतून उतरवायचं, दुपारी जेवायला वर घ्यायचं, पुन्हा उतरवायचं ते संध्याकाळपर्यंत. जेमतेम तीन फूट रुंदीच्या खड्ड्यात महिनोन्‌महिने हे चाललं. सुमारे ८० फुटांवर असताना एका सकाळी तो खाली गेला आणि रात्रीतून तळाला साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्याला भोवळ आली. वरून बापाने हाका मारल्या, कसाबसा तो बादलीत शिरला आणि अर्धमेला बाहेर आला. एका शेजाऱ्याने मग युक्ती शिकवली : उतरण्याआधी वरून पाणी ओतायचं, झुडपाची जुडी दोरीने खालीवर करायची, म्हणजे हवा खेळते. दोन दिवसांनी पोरगा पुन्हा खाली! ९० फुटांवर पाणी लागलं. बाप त्या विहिरीत तासभरही उतरला नाही, हे म्यूरने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. गर्भगिरीच्या पायथ्याला यारीवर बसून विहिरीत उतरणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पाण्याची किंमत काय असते हे या माणसाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, एवढं इथे लक्षात ठेवू या.

वाचनाची भूक जबर. रात्री जागायला बापाची बंदी, पण पहाटे लवकर उठायला परवानगी मिळाली. पठ्ठ्या रात्री एक वाजताच उठू लागला! कडाक्याच्या थंडीत तळघरात बसून त्याने लाकूड कोरून घड्याळं केली, तापमापक केला, स्वतःच पुढे सरकणाऱ्या करवतीच्या गिरणीचं मॉडेल केलं. त्याचं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे उठवणारा पलंग. ठरलेली वेळ झाली की घड्याळाच्या चाकांवरून खटका सुटायचा आणि पलंग तिरका होऊन झोपलेल्याला पायांवर उभा करायचा. आपल्या होस्टेलवर अशा एका पलंगाची किती गरज आहे हे रेक्टर सर सांगू शकतील.

ही यंत्रं घेऊन १८६० मध्ये तो मॅडिसनच्या राज्य प्रदर्शनात गेला. गर्दी उसळली, नाव झालं आणि त्यातूनच विस्कॉन्सिन विद्यापीठाची वाट सापडली. १८६१ मध्ये प्रवेश मिळाला. नॉर्थ हॉल या होस्टेलमधली त्याची खोली म्हणजे वर्कशॉपच. तिथे त्याने अभ्यासाचं टेबल बनवलं. पुस्तक आपोआप वर यायचं, नेमून दिलेला वेळ उघडं राहायचं, मग खाली जाऊन पुढचं यायचं. ते टेबल आजही मॅडिसनमध्ये जपून ठेवलेलं आहे. पैशाची मात्र सदैव ओढाताण. सुट्टीत शेतावर राबायचं, हिवाळ्यात गावातल्या शाळेत शिकवायचं आणि अर्धपोटी राहायचं.

त्याचं आयुष्य वळलं ते एका होस्टेलमित्रामुळे. नॉर्थ हॉलच्या बाहेर लोकस्टचं एक झाड होतं. मिल्टन ग्रिस्वोल्ड नावाच्या विद्यार्थ्याने त्याचं फूल तोडून म्यूरला दाखवलं आणि एवढं उंच, काटेरी झाड वाटाण्याच्या वेलाच्या कुळातलं कसं, ते फुलाच्या रचनेवरून समजावलं. (आपली बाभूळही त्याच कुळातली.) झालं! यंत्रांचा हा किडा रानोमाळ पानंफुलं गोळा करत हिंडू लागला. १८६३ मध्ये पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडलं.

पोटासाठी पुन्हा यंत्रंच. कॅनडात मीफर्ड गावाजवळ झाडू-दाताळ्यांचे दांडे करणाऱ्या गिरणीत त्याने यंत्रं सुधारून उत्पादन वाढवलं. १८६६ मध्ये ती गिरणी जळाली. मग इंडियानापोलिसला घोडागाड्यांचे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात नोकरी धरली. चाकं बनवायच्या यंत्रात त्याने सुधारणा केल्या. पट्ट्यांनी फिरणाऱ्या यंत्रांत शक्ती कुठे वाया जाते, कामगारांचा वेळ कुठे जातो, याचा तक्ते काढून अभ्यास केला. औद्योगिक इंजिनिअरिंग हा विषय कॉलेजात यायच्या कितीतरी आधी! मालक खूष होते. तो तिथेच राहता तर कारखानदार झाला असता.

६ मार्च १८६७ ला तो यंत्राचा पट्टा आवळत होता. हातात फाइल होती. ती निसटली आणि तिचं टोक उजव्या डोळ्यात घुसलं. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये ज्यांनी फाइल घासली आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं आणि गॉगल लावावा. उजवा डोळा गेला, आणि धक्क्याने काही काळ डावाही दिसेनासा झाला. अंधाऱ्या खोलीत पडून त्याने आठवडे काढले. हळूहळू नजर परत आली. तेव्हा त्याने ठरवलं की आता डोळे वापरायचे ते जग बघायला. कारखान्याची बढती नाकारून सप्टेंबर १८६७ मध्ये तो निघाला. केंटकीतल्या लुइव्हिलपासून फ्लोरिडाच्या समुद्रापर्यंत सुमारे १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर, पायी! पाठीवर छोटीशी पिशवी आणि झाडं दाबून ठेवायची पाटी. ना बुकिंग, ना टाकी, ना जनरेटर. फ्लोरिडात मलेरियाने गाठलं. बेत दक्षिण अमेरिकेचा होता, तो रद्द करून क्युबामार्गे, पनामामार्गे तो मार्च १८६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि सरळ योसेमिटीकडे चालू लागला.

पहिला सबंध उन्हाळा त्याने तिथे काढला तो मेंढरांमागे. १८६९ मध्ये पॅट डिलेनी नावाच्या मालकाची दोन हजारांवर मेंढरं खालच्या करपलेल्या रानातून ट्वालमी मेडोजच्या हिरव्या कुरणांवर न्यायची होती. आमच्याकडच्या धनगरांना हे नवीन नाही. चारा-पाणी संपलं की कळप हलवायचा, वाडा बदलायचा. म्यूर मेंढरांवर लक्ष ठेवण्यापुरता पगारी आणि उरलेल्या वेळात कड्यांवर चढून चित्रं काढणारा. पण त्याच उन्हाळ्यात त्याने पाहिलं की हजारो मेंढरं एकाच जागी उतरली की कुरण मुळासकट साफ होतं. पुढे मेंढरांच्या चराईविरुद्ध त्याने जे लिहिलं ते मेंढरांमागे चालून लिहिलं.

त्यानंतर योसेमिटी व्हॅलीत हचिंग्ज नावाच्या हॉटेलवाल्यासाठी त्याने पाण्यावर चालणारी करवत-गिरणी उभारली. अट एकच, वादळाने पडलेलीच झाडं चिरायची. उरलेला वेळ डोंगरात. ही अफाट दरी तयार कशी झाली? राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचं मत असं की कधीतरी प्रलयंकारी उलथापालथ होऊन तळ खचला. म्यूरला कातळावर घासलेल्या रेषा आणि चकाकी दिसली, आणि त्याने मांडलं की हे काम हिमनद्यांचं. विद्वानांनी त्याला अडाणी मेंढपाळ म्हणून हिणवलं. उत्तर त्याने इंजिनिअरसारखं दिलं. १८७१ मध्ये त्याने सिएरा पर्वतात जिवंत हिमनदी शोधली. १८७२ मध्ये मॅक्ल्यूर हिमनदीत ओळीने खुंट्या ठोकल्या आणि ४६ दिवसांनी जाऊन मोजल्या. मधली खुंटी ४७ इंच खाली सरकलेली होती. दिवसाला साधारण एक इंच! भूशास्त्राने पुढे मानलं की दरी घडवण्यात नदीचाही मोठा वाटा आहे, पण व्हिटनीपेक्षा म्यूर सत्याच्या कितीतरी जवळ होता. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला रेंजिंग रॉड धरून कंटाळणाऱ्या आपण सगळ्यांनी ही खुंट्यांची गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

१८८० मध्ये लुई स्ट्रेंझेल हिच्याशी त्याचं लग्न झालं. मार्टिनेझ गावात सासऱ्यांच्या फळबागा होत्या. म्यूरने त्या इतक्या नेटाने पिकवल्या की चांगली शिल्लक पडली. दोन मुली झाल्या. लेखन मात्र मागे पडलं. १८८९ मध्ये रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन हे संपादक आले आणि दोघे ट्वालमी मेडोजला मुक्कामाला गेले. मेंढरांनी ओरबाडलेली कुरणं बघून जॉन्सननी सुचवलं की लिहा, कायदा करून घेऊ. म्यूरचे दोन लेख १८९० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सेंच्युरी मासिकात आले आणि १ ऑक्टोबर १८९० ला योसेमिटी नॅशनल पार्क जाहीर झालं. १८९२ मध्ये सिएरा क्लब निघाला. म्यूर त्याचा अध्यक्ष झाला तो मरेपर्यंत.

मे १९०३ मधली गोष्ट तर आख्यायिकेसारखी वाटते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीला आले. मेजवान्यांचा बेत जय्यत तयार. राष्ट्राध्यक्ष मात्र सगळ्यांना चुकवून म्यूरबरोबर तीन रात्री उघड्यावर झोपले. एके रात्री अंगावर बर्फ पडलं, तरी स्वारी खूष! योसेमिटी व्हॅली तेव्हा राज्याच्या ताब्यात होती, ती १९०६ मध्ये केंद्राकडे येऊन पार्कमध्ये सामील झाली. १९०३ मध्येच म्यूर जगप्रवासाला निघाला. त्यात तो भारतातही येऊन हिमालयातले देवदार बघून गेला.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. आता हेच हेची.

योसेमिटी व्हॅलीच्या वायव्येला, त्याच पार्कच्या हद्दीत, ट्वालमी नदीची दुसरी दरी होती. तसेच उभे कडे, तसेच धबधबे, तळाला सपाट कुरण. नाव हेच हेची. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवं होतं आणि दरीचं तोंड अरुंद, तळ कातळाचा, पाणी बर्फाचं आणि शुद्ध. धरणाला याहून उत्तम जागा आपल्या डॅमच्या पुस्तकातही सापडायची नाही. १८ एप्रिल १९०६ ला शहरात भूकंप झाला, त्यामागून आग लागली, नळ फुटलेले, विझवायला पाणी नाही. शहर जळालं. त्यानंतर पाण्याच्या मागणीला कोण विरोध करणार?

म्यूरने केला. सत्तरीला आलेला हा माणूस सात-आठ वर्षं लेख लिहीत राहिला, पत्रं धाडत राहिला. जुने मित्र दुरावले, सिएरा क्लबमध्येही दोन तट पडले. शहराला पाणी नको असं त्याचं म्हणणं नव्हतंच. नव्वद फूट खडक फोडून पाणी काढलेला माणूस असं कसं म्हणेल? त्याचा मुद्दा होता की पाणी दुसरीकडूनही आणता येतं, दुसरी हेच हेची मात्र आणता येत नाही. १९१३ मध्ये लष्करी इंजिनिअरांच्या मंडळाने अहवाल दिला. त्यात पाण्याचे इतर स्रोत पुरेसे आहेत हे मान्य केलं होतं. फरक मुख्यतः खर्चाचा. हेच हेची सुमारे २ कोटी डॉलरने स्वस्त पडत होती, शिवाय वीज मिळणार होती. १९ डिसेंबर १९१३ ला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली. म्यूर खचला. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९१४ ला, लॉस एंजेलिसच्या इस्पितळात न्यूमोनियाने तो गेला. अलास्काच्या पुस्तकाचं हस्तलिखित अपुरं राहिलं होतं. १९२३ मध्ये धरण उभं राहिलं. त्याला नाव दिलं गेलं ते चीफ इंजिनिअर ओशॉनेसी यांचं. १९३४ मध्ये पाणी शहराजवळ पोचलं.

आपल्या हिशोबात सांगायचं तर या धरणाची साठवण सुमारे १६ टी.एम.सी. आमचं मुळा धरण २६ टी.एम.सी.चं आणि जायकवाडी १०० च्या वर. पाणी अडीचशेहून अधिक किलोमीटर केवळ उताराने येतं आणि इतकं स्वच्छ की त्याला गाळावं लागत नाही. इंजिनिअरिंग म्हणून हे काम अव्वल आहे, यात वादच नाही. माउंटन व्ह्यूचं बहुतेक पाणीही तिथूनच येतं. म्हणजे दादाच्या पोरांच्या बाटलीत रोज हेच हेची असते!

हे कळल्यावर मी दादाच्या मागे लागलो की अर्धा दिवस हेच हेचीला जाच. दादा म्हणे, पाणी साठलेली जागा बघायला सुट्टी कशाला घालवायची? त्यात तिथे पोहता येत नाही, नाव चालवता येत नाही, आर. व्ही. लावून राहायची सोय नाही आणि व्हॅलीपासून सव्वा तासाचा रस्ता. शेवटी वहिनीने निकाल दिला. जिथलं पाणी पितो ती जागा बघायची! त्या एका निकालापायी २८ फुटी गाडी रद्द करून २४ फुटी घेतली.

तिकडे दादाचं पाणी हेच हेचीचं, तर इकडे पाथर्डी शहराच्या नळाला येणारं पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून उचललेलं. उन्हाळ्यात वाडी-वस्तीवर टँकरची वाट बघणाऱ्यांना धरण नको असं सांगायला मी जाणार नाही. माझी ती हिंमतही नाही आणि तसं मत तर नाहीच. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झालं नसतं तर आमचं काय झालं असतं ते दुष्काळात सगळ्यांनी अनुभवलंय. पण त्या पाण्याखाली शेवगाव-नेवासा-पैठणकडची गावं, गोदाकाठच्या काळ्या जमिनी गेल्या. त्याच पाण्यावर पक्षी येऊ लागले आणि १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. धरण एका बाजूने घेतं, दुसऱ्या बाजूने देतं. प्रश्न एवढाच की दोन्ही बाजू वहीत लिहिल्या जातात का?

म्यूरच्याही वहीत एक बाजू अपुरी होती, तेही सांगितलं पाहिजे. योसेमिटी ही काही निर्मनुष्य जागा नव्हती. तिथे अवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि १८५१ मध्ये सशस्त्र पथकाने त्यांना हुसकावलं. म्यूरच्या सुरुवातीच्या लेखनात आदिवासींबद्दल तुच्छतेचे उल्लेख आहेत. त्याच्याच सिएरा क्लबने २०२० मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं. कड्यावरची रेघ न् रेघ वाचणाऱ्या माणसाला कड्याखालची माणसं नीट दिसली नाहीत. थोर माणसाचं चरित्र वाचायचं ते हेही धरून वाचावं.

एस्टिमेटिंगच्या पेपरला आपण तक्ता आखतो : बाब, परिमाण, दर, रक्कम. खोदाई, काँक्रीट, सळई, सगळ्याला दर आहे. १९१३ च्या त्या अहवालातही प्रत्येक पर्यायापुढे रक्कम होती. दरीपुढे रक्कम नव्हती, म्हणून ती बेरजेत आली नाही आणि २ कोटी डॉलरचा फरक निर्णायक ठरला. म्यूरने आयुष्याची शेवटची वर्षं त्या एका रकान्यासाठी घालवली आणि तो हरला. पण हरताना त्याने देशभर जो आवाज उठवला, त्यातून नॅशनल पार्कांना धनी असावा ही मागणी पुढे रेटली गेली आणि १९१६ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली. त्यानंतर पार्काच्या आत धरण बांधायचं म्हटलं की हेच हेचीचं नाव निघतं. ते धरण काढून दरी मोकळी करता येईल का, याचा नुसता अभ्यास करायचा प्रस्ताव २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांपुढे आला होता. तो त्यांनी मोठ्या फरकाने फेटाळला. एकदा साठलेलं पाणी सोडणं किती अवघड असतं ते आम्हा नगरकरांना आणि मराठवाड्याला वेगळं सांगायला नको!

मित्रहो, चार-सहा वर्षांत आपल्यापैकी कुणी जलसंपदा विभागात असेल, कुणी कन्सल्टन्सीत, कुणी कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर. कधीतरी एखाद्या खोऱ्याचं एस्टिमेट आपल्या टेबलावर येईल आणि त्याला पाणी मागणारं एखादं तहानलेलं गावही असेल, कदाचित आपलंच. तेव्हा गावाला पाणी द्यायचंच आहे, हे धरून चाला. फक्त सही करण्याआधी तक्त्यात आणखी दोन ओळी आखा. तिथे राहणाऱ्या माणसांची एक, आणि जे पुन्हा बांधता येत नाही त्याची एक. दर लिहिता आला नाही तरी चालेल, ओळ कोरी दिसली पाहिजे. दुसरी ओळ म्यूरने दाखवली. पहिली त्याच्याही हातून राहिली.